अलिबागचा समुद्र आणि दादरचं नाटक, एकाच फेरीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर, कधी बेळगाव, अशा ठिकाणांहून लोक हे प्रश्न सतत विचारत असतात. सगळ्यांचा बेत साधारण सारखाच असतो: दोन दिवस रायगडचा किनारा, दोन दिवस मुंबई, एखाद-दुसरं नाटक आणि पोटभर खाणं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. या सहलीत दोनच वेळा हलवता येत नाहीत, एक समुद्राची ओहोटी आणि दुसरी नाटकाची तिसरी घंटा, म्हणजे पडदा उघडण्याची वेळ. त्या दोन आधी कागदावर मांडा, बाकीचं सगळं त्यांच्या आजूबाजूला बसवता येतं. खालच्या बहुतेक उत्तरांचा पाया हाच आहे.

१. किनारा आणि मुंबई दोन्ही नीट पाहायचं तर किती दिवस लागतील?

चार दिवस, म्हणजे तीन रात्री. दोन रात्री अलिबागकडे आणि एक मुंबईत. तीन दिवसांतही जमतं, पण मग जंजिरा सोडावा लागतो, नाहीतर मुंबईतलं खाणं धावपळीत उरकावं लागतं. दोन दिवसांचा बेत आखू नका. शनिवारी अलिबाग आणि रविवारी नाटक असं केलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांच्या आठवणीत मुख्यतः रांगा आहेत: धक्क्यावरची, टोलवरची आणि हॉटेलबाहेरची.

२. आधी समुद्र की आधी मुंबई?

आधी समुद्र, आणि तोही आठवड्याच्या मधल्या वारी. गुरुवार-शुक्रवार किनाऱ्यावर, शनिवार-रविवार मुंबईत.

याला दोन कारणं आहेत. मुंबईकर शुक्रवारी संध्याकाळपासून अलिबागकडे निघतो आणि रविवारी संध्याकाळी परततो. तुम्ही त्याच्या उलट्या दिशेने गेलात तर रस्ता मोकळा मिळतो, लाँचमध्ये बसायला जागा मिळते आणि राहण्याचे दरही खाली असतात. दुसरं कारण नाटकाचं. मराठी व्यावसायिक नाटकांचे बहुतांश प्रयोग शनिवार-रविवारीच लागतात. मंगळवारी मुंबईत उतरून ‘आज कोणतं नाटक आहे?’ असं विचारलंत तर बहुधा हात हलवत परत यावं लागेल. नोकरीमुळे गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस सुटी मिळत नसेल तर निदान रविवार मुंबईसाठी ठेवा आणि शुक्रवारी भल्या सकाळी अलिबागला पोहोचा.

३. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा बरी असते, समुद्र शांत असतो, पोपटीचा हंगाम असतो (प्रश्न १० पाहा). ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो आणि दिवाळीनंतर नवी नाटकं भराभर येतात.

एप्रिल-मेमध्ये आंबा मिळतो, बालनाट्यंही भरपूर लागतात, पण दुपारी किल्ल्याच्या दगडावर हात टेकवत नाही. जून ते ऑगस्टमध्ये गेटवेच्या लाँच बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. पावसाळी कोकण फार देखणं असतं, हे खरं. पण ती सहल वेगळी. तिच्यात समुद्री किल्ले नसतात.

४. मुंबईहून अलिबागला जायचे पर्याय कोणते?

गाडी नसेल तर गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच. साधारण तासाभरात पलीकडे. काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, ती पाऊण तासात अलिबागच्या एसटी स्टँडजवळ सोडते. तिकीट काढतानाच बस आहे का ते विचारून घ्या.

गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट. गाडी पोटात घालून ती तासाभरात मांडव्याला उतरवते, २०२० पासून सुरू आहे. सुटीच्या दिवसांचं गाडीचं आरक्षण आधीच करावं लागतं. पावसाळ्यात लाँच बंद झाल्या तरी हवामान साथ देईल तशी रो-रो बरेच दिवस चालते.

रस्त्याने पनवेल, पेण, वडखळमार्गे जवळपास शंभर किलोमीटर. अटल सेतूमुळे (२१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ पासून) मुंबईतून बाहेर पडायला लागणारा वेळ खूप कमी झाला आहे, मात्र दुचाकीला त्यावर परवानगी नाही. एसटी आहेच, आणि पुण्याहून येणाऱ्यांनी मुंबईत न शिरता खोपोली-पेणमार्गे थेट अलिबाग गाठावं. अलिबागला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन पेण.

माझं मत विचाराल तर जाताना कसेही जा, मुंबईत शिरायचं ते मात्र पाण्यावरून शिरा. मांडव्याहून निघालेली लाँच गेटवेकडे वळते आणि कमान, ताजचा घुमट, मागच्या इमारती हळूहळू मोठ्या होत जातात, त्या वेळी लाँचवर बडबड करणारी पोरंसुद्धा कठड्याशी येऊन गप्प उभी राहतात.

५. लाँचमध्ये मळमळतं. काय करावं?

सकाळची लाँच घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि पाणी उसळतं. मोकळ्या हवेत, शक्यतो मधल्या भागात बसा, नजर लांब क्षितिजावर ठेवा आणि रिकाम्या पोटी निघू नका. रो-रो आकाराने मोठी असल्यामुळे बरीच कमी हलते.

६. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणतात. ओहोटीची वेळ कशी काढायची?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. प्रतिपदा एक, द्वितीया दोन असं मोजायचं. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. उदाहरणार्थ चतुर्थी: चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊ. भिंतीवरचं कॅलेंडर एवढं साधन पुरतं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे आदल्या दिवशी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक पाहून खात्री करा आणि शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याचा माना.

आता खरी गोम. नुसती ओहोटी असून भागत नाही, ती किती खोल जाते हेही पाहावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड ओसरतही नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा-सव्वाबाराला येते, वेळ सोयीची वाटते, पण किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी राहू शकतं.

हे सगळं एकत्र केलं की उत्तम तिथी निघतात द्वितीया ते पंचमी. पाणी चांगलं मागे गेलेलं असतं आणि ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते, उन्हाआधी. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, आणि चतुर्थीलाच ओहोटी दर्शनाच्या वेळी यावी हा योग मला फार आवडतो. संकष्टीला अर्थात गर्दी असते. संध्याकाळी जायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशी पाहा, ओहोटी दुपारी सव्वातीन ते चारच्या सुमारास येते.

ओहोटीच्या दीड तास आधी आत शिरा आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत बाहेर या. एकदा आम्ही आत रेंगाळलो. आईला गोड्या पाण्याची विहीर पुन्हा पाहायची होती, चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, याचं तिला फार अप्रूप. दरवाज्याबाहेर आलो तर येताना कोरडी होती ती वाळू चमकत होती, आणि पावलाचा ठसा उमटला की त्यात लगेच पाणी भरत होतं. गाडीवान लांबूनच हाका मारत होता. अर्ध्या वाटेत पाणी पोटरीला लागलं आणि पायाखालची वाळू ओढल्यासारखी सरकू लागली. किनारा गाठला, पण आईचा हात मी किती घट्ट धरला होता ते तिच्या मनगटावर दिसत होतं. तेव्हापासून मी आत शिरतानाच निघायची वेळ सगळ्यांना सांगून ठेवतो.

पायात दगडावर घसरणार नाहीत अशा चपला घाला. वाटेत कालवं चिकटलेले दगड आहेत, अनवाणी पाय कापतो.

७. कुलाबा, जंजिरा, खांदेरी. एकच पाहायचा तर कोणता?

पहिल्यांदा येत असाल तर कुलाबा. अलिबागच्या समोरच आहे, चालत जाता येतं आणि आंग्र्यांच्या आरमाराची गोष्ट तिथे पायाखाली असते. तटाचे दगड बघा: मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत जातं, तिचा जोर मोडतो, म्हणून तट टिकला. किल्ला पाहून झाला की गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे (निधन १७२९), तिथे दहा मिनिटं जा. अनेक जण ती पाहायचं विसरतात.

जंजिरा भव्य आहे, पण त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो (प्रश्न ८). खांदेरी थळजवळच्या समुद्रात, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकासमोर बांधायला घेतलेला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत रायगड जिल्ह्यातले दोन, रायगड आणि हा खांदेरी. कुलाबा आणि जंजिरा त्या यादीत नाहीत, बरेच जण तसं समजून येतात. खांदेरीला थळहून मासेमाऱ्यांची होडी ठरवून जावं लागतं, त्यामुळे पाच-सहा जण असाल तरच परवडतं.

८. जंजिऱ्याला वयस्कर आई-वडिलांना नेता येईल का?

नेता येईल, पण होडीतून दरवाज्यात उतरण्याचा क्षण अवघड असतो. मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्याच्या पायरीशी होडी वरखाली होत असते आणि नेमक्या वेळी पाऊल टाकावं लागतं. नावाडी हात देतात, सवयीचे आहेत. गुडघे फार दुखत असतील तर मात्र राजपुरीच्या धक्क्यावरूनच किल्ला दाखवा, तिथूनही तो पूर्ण दिसतो.

आत गेलात तर दरवाज्यावरचं शरभाचं, म्हणजे एका काल्पनिक पशूचं, शिल्प पाहा, पंजात आणि शेपटीत हत्ती पकडलेला. नंतर कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. समोरच्या समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, महाराजांनी त्याला शह द्यायला बांधलेला. दोन्ही किल्ले एका नजरेत दिसतात तेव्हा ती सगळी चुरस वाचनापेक्षा जास्त समजते.

अलिबाग ते मुरूड सुमारे ५० किलोमीटर, रस्ता वळणांचा, दीड तास धरा. वाटेत काशीदचा किनारा लागतो. पाण्यात उतरा, पण खोल जाऊ नका, तिथे ओढ आहे.

९. किल्ले आणि समुद्रस्नान सोडून बघण्यासारखं काय आहे?

रेवदंडा आणि कोर्लई, माझ्या मते या किनाऱ्यावरचं सर्वांत दुर्लक्षित सुंदर ठिकाण. रेवदंड्याचं गाव पोर्तुगीज तटबंदीच्या आतच वसलं आहे, एसटीसुद्धा तट ओलांडून येते. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला, एका लांबट डोंगराच्या कण्यावर, पायथ्याशी दीपगृह. कोर्लई गावातली ख्रिस्ती वस्ती आजही घरात एक पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलते, तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, बोली राहिली.

अलिबागमध्येच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदींचं हे काम १८४१ पासून चालायचं. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून ते १९०४ मध्ये इकडे हलवलं. आत सहज सोडत नाहीत, पण जाता-येता मुलांना ही गोष्ट सांगा. देवदर्शन हवं असेल तर चौलचा रामेश्वर आणि डोंगरावरचा कनकेश्वर.

१०. अलिबागला काय खायचं?

जिताडा. सुरमई-पापलेट कुठेही मिळतं, जिताडा ही रायगडची खासियत आहे. खाडीत आणि तळ्यांत वाढतो, मांस पांढरं, लुसलुशीत, काटा कमी. मोठ्या हॉटेलात शोधू नका. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या जिताडा मिळेल का?’ असं विचारा. मिळाला तर कालवण आणि तळलेला तुकडा, दोन्ही सांगा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत पोपटी. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, हवी तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला. मडकं उपडं करून शेतात भोवती आग पेटवायची. अर्ध्या-पाऊण तासाने मडकं उघडलं की वाफेबरोबर पाल्याचा जो वास येतो तो शब्दांत सांगणं कठीण आहे. ओव्यासारखा, पण रानटी. पाणी घालायचं नाही, शेंगा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतात. राहण्याच्या जागी आधी सांगितलं तर बरेच जण करून देतात.

आणि परतताना अलिबागचा पांढरा कांदा घ्या. चवीला गोडसर, वेण्या घालून माळा विकतात, त्याला जीआय मानांकनही आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला माळाच माळा टांगलेल्या दिसतात.

११. आम्ही शाकाहारी आहोत. किनाऱ्यावर हाल होतील का?

अजिबात नाही. वालाचं बिरडं, भाकरी, सोलकढी, उकडीचे मोदक, शेंगांची पोपटी, एवढ्यात दोन दिवस मजेत जातात. फक्त खानावळीत जेवण आधी सांगावं लागतं, कारण बिरड्याचे वाल भिजवून, मोड आणून, सोलावे लागतात. ऐन वेळी मागितलं तर बटाट्याची भाजीच मिळणार.

१२. मुंबईत राहायचं कुठे? नाट्यगृहं तर सगळीकडे विखुरलेली आहेत.

दादर. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे इथे मिळतात, शिवाजी मंदिर स्टेशनपासून चालत, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर आणि प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. विलेपार्ल्याचं दीनानाथ आणि बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे पश्चिम रेल्वेवर, मुलुंडचं कालिदास आणि ठाण्याचं गडकरी रंगायतन मध्य रेल्वेवर. दादरला राहिलात तर या सगळ्यांना एकाच गाडीत पोहोचता.

गेटवेजवळ राहण्याचा मोह होतो, लाँचसाठी सोयीचं आहे. पण रात्री अकराला नाटक सुटल्यावर तिथवर जाणं जिवावर येतं.

१३. नाटकाचं तिकीट कधी आणि कसं काढायचं? कोणती रांग चांगली?

ऑनलाइन बुकमायशो किंवा तिकिटालयवर बहुतेक प्रयोग मिळतात. प्रयोगांच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येतात, शनिवार-रविवारच्या अंकात नाटकांचं पानच असतं. नाट्यगृहाच्या खिडकीवरही तिकीट मिळतं आणि मला ती पद्धत अजून आवडते. खिडकीवरचा माणूस आसनांचा तक्ता पुढे करतो आणि ‘खांबामागे नको, हे घ्या’ असं स्वतःहून सांगतो. दर साधारण ३०० ते ५०० रुपये, बाल्कनी त्याहून कमी.

रांगेबद्दल: पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं. चौथी ते आठवी, मधला भाग, ही सर्वोत्तम जागा. तिथून चेहऱ्यावरचे भावही दिसतात आणि अख्खं नेपथ्यही. संगीत नाटक असेल तर थोडं मागे बसलं तरी चालतं.

कलाकार पाहून नाटक निवडताना एक काळजी घ्या: तारीख ठरवण्याआधी ती भूमिका त्या प्रयोगात तोच कलाकार करतो आहे का, हे त्या दिवसाच्या जाहिरातीत पाहा. नाटकात कलाकार बदलतात.

१४. आम्ही कधीच नाट्यगृहात गेलो नाही. काय माहीत असावं?

वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. तीन घंटा होतात. पहिली झाली की चहाचा कप खाली ठेवा, दुसरीला आपल्या खुर्चीत असा. तिसरी झाली की दिवे मंदावतात, पडद्यामागून धुपाचा वास येतो आणि ‘रंगदेवतेला आणि नाट्यरसिकांना विनम्र अभिवादन करून’ ही घोषणा होते. मी शेकड्याने प्रयोग पाहिले असतील, पण त्या वाक्याला अजूनही पाठ ताठ होते.

फोन बंद. आवाज बंद करून मांडीवर उजळत ठेवलेला नव्हे, पूर्ण बंद. रंगमंचावरून तो उजेड स्पष्ट दिसतो. टाळी मनापासून द्या, ती नटापर्यंत पोहोचते आणि पुढचं वाक्य बदलून येतं. दोन अंक, मध्ये मध्यंतर, एकूण सव्वादोन-अडीच तास. मध्यंतरातला बटाटावडा हा या अनुभवाचा भागच आहे, त्यासाठी पडदा पडताच उठावं लागतं. एसी जोरात असतो, आईसाठी शाल घ्या. नाटक संपल्यावर कलाकारांना भेटायचं असेल तर रंगपटाच्या (कलाकारांच्या खोलीच्या) दारापाशी शांतपणे थांबा, बहुतेक जण दोन शब्द बोलतात.

१५. प्रायोगिक किंवा हिंदी-इंग्रजी नाटक पाहायचं असेल तर?

जुहूचं पृथ्वी थिएटर (१९७८) आणि नरिमन पॉइंटचं एनसीपीए. पृथ्वीत जेमतेम दोनशे माणसं मावतात, रंगमंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक, नटाचा श्वास ऐकू येतो. तिथे उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, तिकीट असलं तरी. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं, तिथे कार्यक्रम असेल तर नुसतं छत पाहायलाही जा. ही ठिकाणं आठवड्याच्या मधल्या वारीही चालू असतात, त्यामुळे शनिवार-रविवार जमत नसणाऱ्यांना हा उपाय आहे.

१६. नाटकाआधी जेवावं की नंतर?

प्रयोग कधीचा आहे त्यावर अवलंबून. दुपारी चारचा असेल तर बारा-साडेबाराला पोटभर जेवा आणि नाटकानंतर हलकं खा. रात्री आठ-साडेआठचा असेल तर उलट, सहाला खाऊन घ्या. नाटक सुटेपर्यंत अकरा वाजतात आणि दादरची बरीच मराठी हॉटेलं तोवर आवरतात.

दादरला नाटकाआधी हलकं खायचं तर प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, आस्वादची मिसळ, किंवा स्टेशनजवळ मामा काणे, १९१० पासूनचं. भरपेट मासे हवे असतील तर सिंधुदुर्ग हॉटेल. फक्त एक सांगतो, माशाचं ताट आणि मऊ खुर्ची यांचं नाटकाच्या पहिल्या अंकात जमत नाही. दुपारी चारच्या प्रयोगाआधी तर नकोच.

१७. मुंबईत खाण्यासाठी एकच दिवस आहे. कुठून सुरुवात करू?

सकाळी माटुंगा. कॅफे मद्रासला (१९४०) आठच्या आत गेलात तर रांग लहान असते. रसम वडा आणि फिल्टर कॉफी. पोट तटतटून भरू नका.

अकराच्या सुमारास फोर्टकडे. धोबीतलावचं क्यानी हे इराणी हॉटेल १९०४ चं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) आणि चहा. ब्रून वरून इतका कडक असतो की चहात बुडवल्यावरच तो काय आहे ते कळतं. बुडवा, तिथे सगळे बुडवतात. दुपारच्या जेवणाला बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया (१९२३), बेरी पुलाव. आंबट लाल बेरी आणि भात, एका ताटात दोघे खातात. शाकाहारी असाल तर माटुंग्यालाच थांबून रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये (१९४२) केळीच्या पानावर जेवा.

संध्याकाळी वडापाव. त्याचा उगम १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असं मानलं जातं, त्यामुळे तो दादरलाच खाल्लेला बरा. जिथे कढईतून काढलेला वडा थेट पावात जातो ती गाडी निवडा. इराणी आणि उडुपी हॉटेलांची साप्ताहिक सुटी वेगवेगळी असते, निघण्याआधी फोन करा.

१८. रविवारी लोकलने नाटकाला जायचं आहे. काही अडचण?

मेगाब्लॉक. रविवारी दुरुस्तीसाठी सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत काही मार्ग बंद किंवा वळवलेले असतात. शनिवारच्या वर्तमानपत्रात त्याची यादी येते. चारचं नाटक ठाण्यात आणि तुम्ही दादरला, अशी स्थिती असेल तर ती यादी वाचल्याशिवाय झोपू नका. अडल्यास तासभर आधी निघा. बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं आणि सर्वाधिक तिसऱ्या घंटा इथेच चुकतात.

१९. शनिवारी दुपारी मांडव्याहून निघून रात्रीचं नाटक पकडता येईल का?

येईल, पण दुपारी एकच्या आत मांडवा सोडा. तासभर पाण्यात, अर्धा-पाऊण तास उतरून टॅक्सी मिळेपर्यंत, तासभर दादरपर्यंत, मग अंघोळ आणि सहाचं खाणं (प्रश्न १६). चारच्या प्रयोगाचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. वारा सुटला की लाँच उशिरा निघतात किंवा रद्द होतात आणि मग रस्त्याने चार तासही लागू शकतात.

रो-रोने आलात तर उतरता भाऊच्या धक्क्यावर, मुंबईच्या मोठ्या मासळी बंदरात. गाडीच्या काचा खाली करून थोडं हळू जा. टोपल्या, बर्फ, कोळिणींची हाकाहाक, हा सगळा सोहळा फुकट पाहायला मिळतो.

२०. उलटं केलं, रविवारचं दुपारचं नाटक पाहून त्याच संध्याकाळी अलिबागला निघालो तर?

लाँचचा भरवसा नको. नाटक साडेसहाला सुटतं, तेवढ्यात गेटवेची शेवटची लाँच निघून गेलेली असू शकते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. हा बेत असेल तर सकाळी साडेदहा-अकराचा प्रयोग असलेलं नाटक शोधा. दुपारी दीडला मोकळे होता, जेवून चारची लाँच आरामात मिळते, आणि सगळी गर्दी समोरून मुंबईकडे येत असते.

२१. चार वर्षांची मुलगी बरोबर आहे. नाटकाला नेऊ का?

रात्रीच्या गंभीर नाटकाला नको. तिचेही हाल, तिच्यासोबत बाहेर बसणाऱ्याचेही. दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत सकाळ-दुपारी बालनाट्यं लागतात, तिला तिथे न्या. मुलांनी ओरडून राक्षसाला पळवून लावायचं असतं अशा प्रयोगाला गेलेली पोरं पुढे प्रेक्षक होतात, हे मी घरातच पाहिलं आहे. मोठ्यांचं नाटक पाहायचंच असेल तर दोघांनी दोन वेगळे प्रयोग पाहा, एक नाटकात, एक शिवाजी पार्कवर मुलीसोबत.

२२. खोली सकाळी सोडायची, नाटक दुपारी आणि गाडी रात्री. सामान कुठे ठेवू?

हॉटेललाच विचारा, बहुतेक जण ठेवून घेतात. नाहीतर सीएसएमटीसारख्या मोठ्या स्टेशनवर अमानती सामानगृह आहे. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. नाट्यगृहात मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका, दोन रांगांमध्ये पाय ठेवायला जेमतेम जागा असते.

२३. प्रयोगच रद्द झाला तर?

कलाकाराच्या आजारपणामुळे असं कधी कधी होतं. ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, खिडकीवरच्या तिकिटाचे खिडकीवरच मिळतात, म्हणून तिकीट फाडू नका. दुसऱ्या नाट्यगृहात त्याच वेळी काय आहे ते आधीच लिहून ठेवलेलं असेल तर संध्याकाळ वाचते. एकदा दादरला असंच झालं. आम्ही सहा जण टॅक्सीत कोंबून पार्ल्याला गेलो, नावही न ऐकलेल्या नाटकाची शेवटच्या रांगेतली सहा तिकिटं मिळाली. त्या सहलीतलं आईला आजही आठवतं ते तेच नाटक, आणि कुलाब्याची विहीर.